दावं कुणी सोडायचं?

वारणाकाठच्या एका 31 वर्षांच्या तरुणाचा प्रश्न आहे. त्याचे वडील गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, ते फाल्गुनात गेले. संचालकांनी यालाच खुर्चीत बसवलं. परवाच्या पावसापाण्यात गोठ्याची भिंत पडून याच्या दोन म्हशी गेल्या, गावातली आणखी बरीच जनावरं गेली. आता बाहेरून वैरण येतेय, पंचनामे चालू आहेत, आणि सख्खा चुलता म्हणतोय, आधी आपल्या दावणीचं बघ. पोरगा माळकरी आहे. तो लिहितो, "सगळे सांगतात देवावर सोड. सोडलं तर हातपाय हलत नाहीत, नाही सोडलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आतनं मोडलेल्या माणसानं गावाचा न्याय कसा करायचा?"

मी पलूस तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावात 27 वर्षं दूध संस्थेचा सचिव होतो. 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही पूर संस्थेच्या कट्ट्यावर बसून काढले. म्हणजे कट्टा पाण्यात जाईपर्यंत कट्ट्यावर, नंतर हायस्कूलच्या माडीवर. कीर्तनकार नाही, पुढारीही नाही. पहाटे साडेपाचला फॅट बघायची आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायची एवढंच आयुष्य. वयानं मोठा म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

तू दोन प्रश्न एकात एक घालून विचारले आहेस. देवावर भरवसा कसा ठेवायचा हा एक, आणि वाटप कसं करायचं हा दुसरा. पण तुझं खरं दुखणं मला तिसरंच दिसतं. तू रांगेत उभा आहेस आणि वहीही तुझ्याच हातात आहे. तुझ्या म्हशी गेल्यात, बाप गेलाय, म्हणजे घेणाऱ्यांत तुझा हक्क आहे. आणि कुणाला किती हे लिहायचं तेही तूच. अशा जागी बसलेल्या माणसाला "देवावर सोड" हे वाक्य फार मोहात पाडतं, कारण त्यानं सुटका होते. मला पाडलं होतं, ते आधी सांगतो.

2005 ची गोष्ट. जुलैअखेरचे दिवस, पाऊस थांबायचं नाव घेईना. आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मारुतीच्या तिसऱ्या पायरीची खूण होती, पाणी त्याच्या वर कधी आलं नाही म्हणायचे. पारावर लोक मला विचारायला लागले, जनावरं हलवायची का? मी सचिव, संस्थेत फोन, त्यामुळं मला जास्त कळतं असा लोकांचा समज. मीही छाती काढून म्हणालो, "बापजाद्यांपासून मारुतीनं राखलंय, आताही राखेल." आमच्या मागच्या गल्लीत एक विधवा बाई होती, आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. एकच म्हैस, तिच्यावर घर. संध्याकाळी ती येऊन म्हणाली, रात्री पाणी वाढलं तर माझ्यानं म्हैस हलायची नाही, तू येशील का? मी म्हणालो, येतो की.

रात्री पाणी वाढलं. मी माझ्या जनावरांच्या मागं लागलो, मग भावाच्या, मग संस्थेतली पेंडीची पोती माडीवर चढवत बसलो. आक्काची आठवण झाली तेव्हा तिच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. आक्काला पोरांनी खांद्यावर बसवून काढलं होतं. म्हैस दाव्याला तशीच राहिली.

पाणी ओसरल्यावर मी तिच्या दारात गेलो. चिखलाचा वास, भिंतीला ओल, दाव्याचा तुकडा अजून खुंट्याला. काय बोलायचं सुचेना म्हणून म्हणालो, "देवाची मर्जी, आक्का." ती खराट्यानं चिखल ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाचं देव बघंल. तू दावं सोडाय येतो म्हणाला हुतास."

तेव्हापासून एक गोष्ट पाळली. ज्याचं गेलंय तो "देवाची मर्जी" म्हणू शकतो, तो त्याचा आधार आहे, त्याला कुणी हात लावू नये. पण ज्याच्या हातात वही, किल्ली किंवा सही आहे त्यानं हे वाक्य दुसऱ्याच्या दारात जाऊन उच्चारायचं नाही. त्याच्या तोंडी ते लागलीच पांघरूण होतं. चूक माझी आणि नाव देवाचं. माळकरी माणसाला तर हे जास्त कळायला पाहिजे, कारण यात आपण देवालाच खोट्या साक्षीला उभं करतो.

मग देवावर टाकायचं काय? माझ्यापुरतं सांगतो. महाबळेश्वरला किती पडणार, कोयनेच्या दरवाज्यातनं किती क्युसेक सुटणार, अलमट्टीवाले पुढं पाणी कधी सोडणार, यातलं काहीही माझ्या हातात नव्हतं. त्याची काळजी करत मी रात्रीच्या रात्री काढल्यात आणि त्या काळजीनं नदी बोटभर उतरली नाही. लोक माझ्याबद्दल काय म्हणतील हेही माझ्या हातात नव्हतं. हे सगळं मी पहाटे मारुतीपुढं ठेवायला शिकलो. शिकलो म्हणजे एका दिवसात नाही, दहा-बारा वर्षं गेली. दावं सोडणं मात्र माझ्याकडंच राहिलं. यादी करणं, ट्रॅक्टर सांगून ठेवणं, दिलेला शब्द लिहून ठेवणं ही कामं देवाच्या पायरीवर ठेवून यायची नसतात.

2005 नंतर आम्ही ठरवलं की आभाळाकडं बघून काही ठरवायचं नाही, आयर्विन पुलाकडं बघायचं. सांगलीच्या त्या पुलाला 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आम्ही गावासाठी 35 ठरवले. 35 झाले की मळीतली, म्हणजे नदीकाठच्या रानातली, आणि खालच्या गल्लीतली जनावरं वर न्यायची, मग वर ऊन का पडलेलं असेना. दोनदा असं झालं की जनावरं हलवली आणि पाणी आलंच नाही. लोकांनी टर उडवली, माझ्या घरचेसुद्धा हसले. हसू दे. ज्या आकड्यावर आपण आधी, डोकं शांत असताना, चारचौघांत शब्द दिलाय, तो आकडा ऐन वेळी आपल्या भीतीला आणि आपल्या आशेला दोघांनाही गप्प बसवतो. तुझ्या गावाला वारणेचा तसा आकडा नसेल तर या दिवाळीच्या आत बसून ठरवा.

आणि जनावरं आधी का, तर पूर पाहिलेल्याला विचार. माणसं घरासाठी थांबत नाहीत, जनावरासाठी थांबतात. बाई म्हणते पोरांना न्या, मी म्हशीजवळ बसते. ती म्हैस वेळेत वर गेली की बाई आपोआप वर जाते. नाही गेली तर मग शेवटी बोटीवर गर्दी होते. 8 ऑगस्ट 2019 ला आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

2019 ला आमचा आकडा पाळूनही आम्ही चुकलो, तेही सांगतो, नाहीतर तुला वाटेल म्हाताऱ्यानं सगळं जमवून आणलं होतं. 5 ऑगस्टला नागपंचमी होती. जनावरं वेळेत हलवली, पण कुठं हलवली? जिथं 2005 ला पाणी आलं नव्हतं तिथं. या वेळी आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं, 2005 पेक्षा साडेतीन-चार फूट जास्त. वर नेलेली जनावरं पुन्हा पाण्यात सापडली, रात्रीत दुसऱ्यांदा हलवताना गावातली अकरा गेली. तेव्हा कुणी मला दोष दिला नाही. मी मात्र पारावर उभा राहून सांगितलं की जागा मी सुचवली होती, ती 2005 च्या खुणेवर सुचवली होती आणि ती खूण धरणं चूक होती. हे बोलताना पाय लटपटत होते. पण गंमत बघ, दुसऱ्या दिवसापासून वाटपाच्या कामात माझ्या शब्दावर लोकांनी जेवढा भरवसा ठेवला तेवढा त्याआधी वीस वर्षांत ठेवला नव्हता.

आता वाटपाकडं येतो, कारण तुझा चुलता तिथंच उभा आहे.

2019 ला पाणी उतरायच्या आधीच आमच्याकडं कडब्याचा पहिला ट्रक आला. जतकडनं आला होता. त्या लोकांच्या भागात त्याच उन्हाळ्यात दुष्काळानं चारा छावण्या चालू होत्या, आणि त्यांनी आम्हाला कडबा पाठवला. एका जिल्ह्यात राहून आपण एकमेकांचं तोंड फक्त संकटात बघतो. असो. ट्रकमध्ये 900 पेंढ्या. गावात तेव्हा जिवंत मोठी जनावरं 260, रेडकं-वासरं 90, आणि 14 घरांत शेळ्या. ट्रक थांबायच्या आत पन्नास माणसं फाळक्याला लोंबकळली.

एक संचालक म्हणाला, फक्त सभासदांना द्या, संस्थेच्या दारात आलाय. मी विचारलं, पाठवणाऱ्यानं संस्थेला पाठवलाय की पुरातल्या जनावरांना? तो गप्प बसला, पण त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की पुढच्या निवडणुकीला हे लक्षात ठेवणार. (ठेवलं.) मग प्रश्न आला कुटुंबाप्रमाणे द्यायचं की जनावराप्रमाणे. कुटुंबाप्रमाणे दिलं तर एका म्हशीवाल्याला आणि आठ म्हशीवाल्याला सारखं, ऐकायला छान वाटतं, पण खाणार जनावर आहे. आठवाल्याची सहा उपाशी राहिली असती. म्हणून जनावराप्रमाणे. दुभतं आणि भाकड असा फरक केला नाही. भाकड म्हैस कमी खाते असं कुणी म्हणालं तर त्याला तिची दावण झाडायला लावावी.

मोठ्या जनावराला 3 पेंढ्या, म्हणजे 780. वासराला 1, म्हणजे 90. राहिल्या 30. शेळीवाल्या घरांना 2-2, म्हणजे 28. शेळ्यांना कडबा कशाला, असं दोघं-तिघं म्हणाले. पुरात झाडपाला पाण्याखाली असतो, शेळी जाणार कुठं? खरं कारण मी बोललो नाही. आक्कानं 2005 नंतर परत म्हैस घेतली नाही, शेवटपर्यंत चार शेळ्या पाळल्या. 2019 ला ती नव्हती, पण वही लिहिताना मला ती समोर उभी दिसत होती.

कुणापासून सुरू करायचं यावर खरी पंचाईत. खाते नंबरानं घ्या म्हणाले. माझा खाते नंबर 7. पहिले तीस-चाळीस नंबर सगळे जुन्या बागायतदारांचे, ज्यांनी संस्था काढली त्यांचे. नवे नंबर गेल्या दहा वर्षांत कर्ज काढून एक-एक म्हैस घेतलेल्यांचे, त्यातले निम्मे तर भूमिहीन. नंबरानं जायचं म्हणजे नियम सगळ्यांना सारखाच दिसला असता, पण दरवेळी ओली, तुटकी पेंढी त्याच माणसांना गेली असती. म्हणून शेवटच्या नंबरापासून सुरुवात केली, बिगरसभासद त्याच्याही आधी. आणि दुसरा ट्रक आला तेव्हा पहिल्याच्या उलट बाजूनं. देवळाच्या भिंतीला काळा फळा टेकवला, त्यावर खडूनं नाव, जनावरं, पेंढ्या, असं ओळीनं लिहिलं. माझं नावही त्याच फळ्यावर, माझ्या ओळीत. लोक फळ्यापुढं उभं राहून एकमेकांची जनावरं मोजायचे. कुणी वाढवून सांगितलेलं असलं तर शेजारीच खोडायला लावायचा, मला तोंड वाईट करावं लागलं नाही.

शेवटी 2 पेंढ्या उरल्या. 898 पेंढ्यांवर झाली नाही एवढी भांडणं त्या दोनांवर झाली. अर्धा तास. अखेर कुणीतरी म्हणालं, देवाच्या वळूला घाला. म्हसोबाला सोडलेला आमचा वळू तीन दिवस हायस्कूलच्या मैदानात चिखलात उभा होता, त्याची कुणी यादीच केली नव्हती. सगळे हसले, भांडण मिटलं. देवाचा वाटा असा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यांच्या संमतीनं निघाला, मला ते आवडलं.

तुझ्या चुलत्याचं सांगतो. त्याला चारचौघांत नाही म्हणू नकोस. त्याच्या घरी जा, चहा घे, आणि फळ्यावर त्याचं नाव कितव्या ओळीत येतं ते त्याला आधीच सांग. भावकीला नकार सोसतो, पण सगळ्यांसमोर कळलेला नकार सोसत नाही. आणि तुझ्या स्वतःच्या दोन म्हशींचं नुकसान आणि चुलत्याची मागणी या दोन्ही गोष्टी तू स्वतः लिहू नकोस. व्हाइस चेअरमन आणि तुझ्या गटाचा नसलेला एखादा सभासद, अशा दोघांना त्या दोन नोंदी करायला बसव. तू त्या वेळी बाहेर जाऊन बस. तुझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. भरल्या डोळ्यांनी आकडे दिसत नाहीत.

हे मी अनुभवानं सांगतोय. 2021 च्या मे महिन्यात माझा थोरला भाऊ कोरोनानं गेला. दोन महिन्यांत परत पूर, आयर्विनला 54 च्या आसपास. मी सगळी कामं नेटानं करत होतो, लोक म्हणायचे सचिव लोखंडाचा आहे. एका दिवशी एक सभासद बिलातले चाळीस रुपये कमी आले म्हणून विचारायला आला आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो पिशवी तिथंच टाकून गेला. नंतर बघितलं तर त्याचंच बरोबर होतं, मी बेरीज चुकलो होतो. त्या संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चाळीस रुपये दिले, आणि दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस वही सहायकाकडं दिली. मी फक्त कॅन मोजायचो. कॅन मोजायला दुःख आड येत नाही.

त्या आठ दिवसांत रोज पहाटे साडेचारला देवळात जाऊन बसायचो. कधी तोंडातनं शब्द फुटायचा, कधी नाही. भाऊ का गेला याचं उत्तर तिथं मिळालं नाही, अजून मिळालेलं नाही. पण साडेपाचला संस्थेचं दार उघडण्याआधी तासभर मला कुणी काही विचारत नव्हतं आणि मला कुणाला काही द्यायचं नव्हतं. माझ्यासाठी भरवसा म्हणजे तो तास. तुझा वेगळा असेल, हरिपाठाला बसत असशील, एकादशी धरत असशील. ते मोडू नकोस, कितीही काम असलं तरी. "एवढ्या गडबडीत कसला देवधर्म" म्हणून ते पहिलं सुटतं, आणि मग आठ-दहा दिवसांत माणूस चाळीस रुपयांवर ओरडतो.

आणि दहा-पंधरा रात्री झोप नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर डॉक्टरला दाखव. मिरज तुला लांब नाही. देवळात जाण्याचं आणि दवाखान्यात जाण्याचं एकमेकांशी वावडं नाही.

तू आणखी एक लिहिलं आहेस, की लोक विचारतात, एवढा देव देव करतोस मग तुझ्याच म्हशी का गेल्या? याला उत्तर देऊ नकोस. देता येत नाही म्हणून नव्हे, विचारणाऱ्याला नको असतं म्हणून. आपल्या नदीकाठी देवालाच कुठं सूट आहे? औदुंबरला दत्ताच्या देवळात पाणी शिरतं. नरसोबाच्या वाडीला पादुकांवरनं पाणी जातं, लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणून त्यात स्नान करतात. आणि आमच्या बायका, ज्यांच्या चुली याच पाण्यानं विझवल्या, त्या पाणी उतरणीला लागलं की कृष्णामाईची ओटी भरायला घाटावर जातात. खण, नारळ, तांदूळ. मी माझ्या आईला एकदा विचारलं होतं, हिनं आपलं घर नेलं, हिचीच ओटी का? ती म्हणाली, "मग कुणाची भरू?" यात व्यवहार नाही, बाबा. मी इतकं केलं, तू माझी म्हैस राख, असा करार कुणी केलेलाच नव्हता.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर आहेत. आमची संस्था अडीचशे खात्यांची, सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून फळा चालला. हजार खाती असतील तर वाडीनिहाय दोघं-दोघं नेमावे लागतील. तुझ्या गावात दोन गट असतील आणि वडील एका गटाचे असतील, तर तू कितीही सरळ वागलास तरी निम्मं गाव वर्षभर शंका घेईल, ती घेऊ दे. आमच्याकडं मशिदीतल्या लोकांनी माडीवरच्या सगळ्यांना दोन दिवस भात शिजवून घातला. मग त्यांची घरं यादीत कुठं हा प्रश्न आमच्याकडं उठलाच नाही. तुमच्याकडं उठला तर पहिल्याच दिवशी पारावर निकालात काढ, वाट बघू नकोस.

कुणीतरी तुला दामाजीपंतांची गोष्ट सांगणार, मला सांगितली होती. मंगळवेढा इथनं काही लांब नाही. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिलं आणि विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन पैसे भरले. एका सभासदानं मला म्हटलं, सचिव, दामाजी व्हा, राखीव निधी काढा, वाटा. मी म्हणालो, माझ्यासाठी बिदरला जाणारा कुणी नाही, माझ्याकडं ऑडिटर येतो. हसण्यावारी नेलं, पण मुद्दा खरा होता. तो पैसा माझा नव्हता. दामाजीपंतांनी स्वतःची मान पणाला लावली होती, मी सभासदांचा दिवाळीचा रिबेट, म्हणजे दुधावरचा फरक, लावणार होतो. आम्ही सभा बोलावली. राखीव निधीला हात न लावता प्रत्येकाला पुढच्या बिलांतून कापून घ्यायच्या बोलीवर सारखी उचल दिली, बिगरसभासदांसाठी गणेश मंडळाच्या पोरांनी त्यांच्या वर्गणीतनं रक्कम काढली. तीही त्यांनी बैठक घेऊन काढली. दानशूर म्हणून कुणाचंच नाव झालं नाही.

पंचनाम्याचं शेवटी ठेवलं, कारण तिथं सगळ्यात जास्त सोसावं लागतं. 2019 ला दुभत्या म्हशीला 30,000 रुपये मदत होती. गेलेलं जनावर सापडलं तर तलाठी आणि पशुवैद्यक येऊन बघतात, पंच म्हणून गावातले दोघं सही करतात. माझ्या चुलतभावानं दोन गेलेल्या चार लिहायला सांगितल्या. म्हणाला, दोन वाहून गेल्या, कोण बघायला आलंय? मी संस्थेचं रजिस्टर काढलं. जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत त्याचं दूध दोन्ही वेळचं मिळून नऊ लिटर. नऊ लिटरला चार दुभत्या म्हशी? सही केली नाही. वर्षभर बोलला नाही, पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दिली नाही. लग्नाच्या दिवशी मी संस्थेत बसून होतो, मांडवाचा स्पीकर ऐकू येत होता. हे सोसावं लागतं, तुला खोटं सांगत नाही. पुढं तो आपणहून आला, पण ते माझं नशीब.

त्याच रजिस्टरनं दुसऱ्या बाजूनंही काम केलं. एका बाईची म्हैस खरोखर वाहून गेली, मढं सापडलं नाही, त्यामुळं पंचनाम्यात नोंद होईना. ती रडून थकली. रजिस्टरात 4 ऑगस्टच्या सकाळपर्यंत तिच्या खात्यावर रोजचं पाच लिटर दूध होतं, फॅट 7 च्या पुढं, म्हणजे म्हशीचंच. त्या पानांच्या सही-शिक्क्याच्या नकला जोडून आम्ही अर्ज केला, शेजारच्या चार घरांचे जबाब जोडले. पैसे मिळाले. अकरा महिन्यांनी मिळाले, तोवर तिनं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं, पण मिळाले.

म्हणून तुला आज रात्री करायचं काम सांगतो. तुझ्या संस्थेचं गेल्या दोन महिन्यांचं संकलन रजिस्टर कुठं आहे बघ. संगणकावर असेल तर आजच्या आज प्रती काढ, दोन वेगळ्या घरांत ठेव. कागदाचं असेल आणि भिजलं असेल तर उन्हात टाकू नकोस, शाई फुटते आणि पानं आकसतात. सावलीत, पंख्याखाली उभं करून पानं पसरव. दर दहा-बारा पानांत न छापलेला कोरा कागद घाल, तो ओला झाला की बदल. चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस, अर्धवट सुकली की पातळ पट्टी घालून हळूहळू सुटतात. आम्हाला तीन रात्री लागल्या. घरातल्या बायका, पोरं, माझा तो चुलतभाऊसुद्धा पहिल्या रात्री पानं उलटायला बसला होता, तेव्हा त्याला माहीत नव्हतं त्यात काय निघणार आहे ते.